आवाज अडकतो म्हणे

“ताई, जेवायला चला,” सोल्डरिंग करणाऱ्या डागवाल्याने दारातून हाक मारली.

“तू हो पुढे. मला अजून तिघांना मारायचंय.”

यात त्याला काही नवल वाटलं नाही. डबा काखेत मारून तो गच्चीकडे निघून गेला. ताईंनी खुर्ची पुढे ओढली, कानांवर हेडफोन चढवले आणि जळत्या गावात शिरल्या. फाटकापाशी पहिला पहारेकरी भिंतीला टेकून जांभई देत होता. तो नेहमीच जांभई देई. ती पुरी व्हायच्या आत ताईंनी त्याच्या कपाळात गोळी घातली, त्याच्यावरून पाय टाकून अंगण ओलांडलं, विहिरीमागच्या जाड्याच्या छातीत गोळ्या घातल्या, तिसऱ्याचा गळा मागून चिरला आणि गिरणीच्या जिन्यावर उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावरून हातबॉम्ब आत भिरकावला. बाई किंचाळली. आग, धूर, काचा, फुटलेल्या टाकीचं पाणी, सगळं एकदम पडद्यावर उसळलं. ताई त्यातलं काहीही पाहत नव्हत्या. त्यांचे डोळे वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर होते.

“इथे अडखळतंय मेलं,” त्या पुटपुटल्या आणि परत फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. जांभईवाला पुन्हा जिवंत होऊन जांभई देत होता.

ताईंची ही नोकरी होती. कॉम्प्युटरच्या आत चित्रं काढणारा जो भाग असतो, ग्राफिक्स कार्ड, तो बाजारात नवा आला किंवा गिऱ्हाइकाकडून बिघडून परत आला की आधी त्यांच्या टेबलावर येई. तो किती भरभर चित्रं काढतो, तापल्यावर कसा वागतो, त्याला कुठे धाप लागते, हे ताई सांगत. परीक्षा सगळ्यांना सारखी हवी, म्हणून गेमचा तोच तुकडा, त्याच वाटेने, त्याच चालीने खेळायचा. आधी या खुर्चीवर पोरं बसवून झाली होती. पोरं रमायची. कुणी विहिरीत डोकावायचा, कुणी जाड्याला उगाच जास्तीच्या गोळ्या घालायचा, आणि कालचे आकडे आजच्याशी जुळायचे नाहीत. शेवटी साहेबांनी टायपिंगच्या खोलीतून ताईंना बोलावलं.

“ताई, तुम्हाला गेमची आवड आहे का?”

“शी!”

“मग तुम्हीच बसा.”

तेव्हापासून ताई रोज त्याच माणसांना त्याच क्रमाने मारत आल्या होत्या. जाड्याबद्दल त्यांना काही वाटत नसे. जांभईवाल्याबद्दल मात्र अधूनमधून वाटे. बिचाऱ्याची झोप झालेली नाही आणि ही बया आली.

साहेबांचा दुसरा नियम म्हणजे मधलं मशीन. काचेच्या खोलीत एक भारी कॉम्प्युटर होता, पण तो पाहुण्यांना दाखवण्यापुरता. त्यावर कुठलंही कार्ड वाऱ्यासारखं पळे. परीक्षा व्हायची ती टेबलाखालच्या साध्या, मधल्या किमतीच्या मशीनवर. चारचौघांच्या घरी असतं तसल्या. “जिथे नांदायचंय तिथे कसं वागतं ते बघा,” साहेब म्हणत. ताईंना हे मनापासून पटे, आणि पटलं की धाकट्या बहिणीचा नवरा डोळ्यांसमोर येई. त्याला त्यांनी पाहिलं होतं ते आपल्या घरी, धुतलेल्या चादरीवर बसलेला, हातात चहाचा कप, तोंडात साखर. औषधांच्या कंपनीचा विक्रेता होता. चपला-बूट दाराबाहेर काढल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नसे. तो त्याच्या स्वतःच्या घरात, संध्याकाळी, भाजीत मीठ कमी पडल्यावर कसा दिसतो, ते धाकटीने एकटीने पाहिलं.

धाकटी दर वेळी घसरायची. न्हाणीघरात घसरली, जिन्यात घसरली, एकदा तर म्हणे गादीवरून घसरली. हात मोडला तेव्हाही घसरली आणि बरगडी दुखावली तेव्हाही. मग एके सकाळी पुढचे दोन दात हातरुमालात गुंडाळून ती ताईंच्या दारात उभी राहिली आणि “घसरले” असं म्हणायला तोंड उघडलं तेव्हा रक्तच बाहेर आलं. ताईंनी तिला परत जाऊ दिलं नाही. साहेबांना सांगून पॅकिंगच्या खोलीत कामाला लावली. आता ती दिवसभर खोकी बांधायची, कमी बोलायची आणि बोलताना तोंडापुढे हात धरायची.

त्या दुपारी धाकटी पार्सलं घेऊन टेम्पोबरोबर बाहेर गेली होती. साहेब जेवायला घरी गेले होते. ताईंनी शेवटच्या तिघांचा निकाल लावून हेडफोन काढले, तर मागून कुणी तरी अदबीने खाकरलं.

“येऊ का, ताई?”

भावोजी. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पायांत नुसते मोजे. बूट बाहेर काढून आले होते.

ताईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “धाकटी नाहीये इथे,” त्या म्हणाल्या, आणि ते खरं असल्याबद्दल त्यांना हायसं वाटलं.

“तिच्यासाठी नाही आलो. शपथ! तो विषयच नको.” भावोजींनी पिशवीतून एक कार्ड काढलं, दोन्ही हातांनी पुढे धरलं. “पुतण्याचं आहे. गेम चालता चालता आवाज अडकतो म्हणे. तोच तोच येत राहतो. दुकानदार म्हणतो, काही झालेलं नाही. म्हटलं, घरात एवढं जाणतं माणूस असताना बाहेर कशाला तोंड वेंगाडा?”

“ठेवून जा. उद्या सांगते.”

“तुम्ही अजून रागावलेल्या दिसता.”

“भावोजी, दोन दात पडलेत तिचे.”

“घसरली हो ती. तिलाच विचारा ना.” ते हसले. त्यांचे स्वतःचे दात फार छान होते. “बसू का मी इथेच? पोरगं घरी नाचतंय. एवढं बघून द्या, मी गेलोच.”

ताईंनी मनात गणित मांडलं. धाकटी चारशिवाय येत नाही. याला आत्ता हाकललं तर हा उद्या येईल, परवा येईल, ती असताना येईल. त्यापेक्षा कार्ड तपासून हातावर ठेवावं, एकदाची ब्याद टळेल. शिवाय कार्ड आता त्यांच्या हातात होतं, आणि आवाज अडकतो म्हटल्यावर त्यांच्या बोटांना चाळा लागला होता. कार्ड तापून बंद पडायला आलं की असं होतं: चित्र जागच्या जागी थिजतं आणि शेवटचा आवाज खिळा ठोकावा तसा एकसारखा येत राहतो.

“तिथे स्टुलावर बसा,” त्या म्हणाल्या. “आणि मधे बोलायचं नाही.”

“छे छे! मला माहितीये. आमच्याकडे तुमचं केवढं कौतुक! ताई एकदा बसली की घराला आग लागली तरी उठत नाही.”

धाकटीनेच सांगितलं असणार, कधीतरी, बऱ्या दिवसांत, अभिमानाने.

ताईंनी कार्ड बसवलं. कार्ड स्वच्छ होतं. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा कण नव्हता. पुतण्या टापटिपीचा दिसतोय, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं. त्यांनी हेडफोन चढवले आणि गावात शिरल्या.

त्यांना जे माहीत नव्हतं ते असं. टेम्पो चौकातच बंद पडला होता. धाकटी मागच्या दाराने परत आली होती आणि पॅकिंगच्या खोलीत एकटीच बसून डबा उघडत होती. समोरच्या फुटपाथवर सकाळपासून उभ्या असलेल्या भावोजींनी तिला मागच्या बोळात वळताना पाहिलं होतं, आणि पाहिल्यावरच ते बूट काढून आत आले होते.

जांभईवाला पडला. जाड्या पडला. आकडे सुरेख येत होते. ताईंनी न थांबता दुसरी फेरी घेतली, तिसरी घेतली. तापल्याशिवाय असली दुखणी वर येत नाहीत. कार्ड तापलं तरी पंखा शांत होता. मधल्या मशीनवर इतकं गुणी कार्ड त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. गिरणीच्या जिन्यावर बाई किंचाळली. मग पुन्हा किंचाळली. पुन्हा.

“सापडलं!” ताई मोठ्याने म्हणाल्या.

त्यांना आनंद झाला. नंतर कितीतरी दिवस त्यांच्या अंगावर काटा यायचा तो या आनंदाचा. दुकानदाराला जे सापडलं नाही ते आपण पकडलं, म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. किंकाळी येतच होती. ताई थोडं पुढे वाकून पडद्याकडे पाहू लागल्या, चित्र नेमकं कुठे थिजलंय ते बघायला.

चित्र थिजलं नव्हतं. आग हलत होती. पाणी पायऱ्यांवरून वाहत होतं. कोपऱ्यातला आकडा भराभर बदलत होता. जिन्यावरची बाई तर केव्हाच तोंड मिटून धुरात दिसेनाशी झाली होती.

चित्र चालू आणि आवाज अडकलेला, असं कधी होत नाही.

ताईंनी हेडफोन ओरबाडून काढले. मागे स्टूल रिकामं होतं. किंकाळी आता जास्त स्पष्ट ऐकू येत होती.

पॅकिंगच्या खोलीचं दार ढकललं तर आतून काहीतरी लावलेलं. ताईंनी खांद्याने धडक दिली, पुन्हा दिली, खोक्यांची चळत कोसळली आणि त्या आत फेकल्या गेल्या. भावोजींनी धाकटीची वेणी मनगटाला गुंडाळली होती आणि तिचं डोकं ते लोखंडी टेबलाच्या कडेवर आपटत होते. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “चल म्हणतोय ना. घरी चल. चल म्हणतोय ना. घरी चल.” दर वाक्याला एक. टेबलावर डब्यातला भात सांडला होता, तो लाल झाला होता. धाकटीचा डावा कान कुठे आहे ते केसांतून, रक्तातून कळत नव्हतं.

“भावोजी!” ताई ओरडल्या. “अहो, सोडा तिला! अहो!”

अहो म्हणाल्या. त्या क्षणीही तोंडातून तेच आलं.

त्यांनी मागून त्याची कॉलर धरली. त्याने वळूनही न पाहता कोपर मारलं, ते त्यांच्या तोंडावर बसलं. त्या टेबलाला धडकून खाली बसल्या, उठायला आधार म्हणून त्यांनी उघड्या ड्रॉवरची कड धरली. भावोजींनी पाय उचलला आणि ड्रॉवर आत लाथाडला. ताईंची उजव्या हाताची बोटं मधे सापडली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्यांनी हात सोडवायच्या आत त्याने ड्रॉवर ओढला आणि परत लाथाडला.

“तुमच्यामुळे झालं हे सगळं,” तो म्हणाला. अजूनही तुमच्यामुळेच म्हणाला, तुझ्यामुळे नाही. आणि पुन्हा धाकटीकडे वळला.

ताईंच्या डाव्या हाताला खालच्या खोक्यात एक पॉवर सप्लाय लागला. विटेएवढा लोखंडी डबा, विटेहून जड. समोर भावोजींचे मोजे होते, अंगठ्यापाशी नीट रफू केलेले. रफू धाकटीच्या हातचं होतं. ताईंनी डबा दोन्ही खांद्यांचा जोर लावून त्या अंगठ्यावर आणला.

तो कळवळून वाकला, तसा दुसरा घाव नाकावर. “सोड तिला,” ताई म्हणाल्या. “सोड, भाड्या!” तिसरा गुडघ्यावर. वेणी सुटली. धाकटी टेबलाखाली घरंगळली. ताई थांबल्या नाहीत. गेममध्ये माणूस एका गोळीत पडतो आणि लगेच गप्प होतो. खरा माणूस पडतच नाही. तो हात वर करतो, शिव्या देतो, नाकातून फुगे काढतो, तुमचा पाय धरतो, आणि प्रत्येक घावाचा झणका तुमच्या खांद्यापर्यंत उलटा येतो. ताईंनी पुन्हा गुडघ्यावर मारलं. पुन्हा त्याच गुडघ्यावर. तिथे आता हाड नव्हतं, काहीतरी ओलं आणि सैल होतं, तरी मारलं.

“ताई! ताई, बास!” डागवाल्याने गच्चीवरून धावत येऊन त्यांना मागून कव घातली. कार्डांना डाग देणारा हा किडकिडीत माणूस झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायचा. “मरेल तो! ताई, तुम्हाला आत टाकतील!”

“टाकू दे!”

“मग धाकटीकडे कोण बघणार?”

तेव्हा कुठे डबा हातातून गळला.

डागवाल्याने खोकी बांधायच्या पट्टीने भावोजींचे हात बांधले. बांधता बांधता “घट्ट होतंय का?” असं त्याने चक्क विचारलंही. भावोजी आता रडत होते. “ताई, माझं नाक,” ते म्हणत होते. “ताई, बघा ना माझं नाक.”

हॉस्पिटलमध्ये धाकटीच्या डोक्याला टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डावा कान गेला, उजव्यातही घूं घूं राहील, बघू. ताईंचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. तिसऱ्या दिवशी हवालदार आला, जबाब घ्यायला. वय झालेला, थकलेला, बोलायला वाईट नव्हता. वॉर्डातली दहाबारा खाटांवरची माणसं लगेच खोकायची थांबली.

हवालदाराने ताईंना बाजूला घेतलं. “बाई, स्पष्टच सांगतो. त्याचा गुडघा कामातून गेलाय. तोही तक्रार देतोय तुमच्यावर. कार्ड तपासायला गेलो, दोघींनी मिळून मारलं, म्हणतो.”

“आणि हिचं डोकं?”

“ती घसरली म्हणतो. आधीचे कागदही तसेच आहेत. हात मोडला, घसरून. दात पडले, घसरून. सह्या आहेत हिच्या.” त्याने आवाज खाली आणला. “घरातलं प्रकरण आहे. ती आत्ताही घसरले म्हणाली तर तो तुमच्यावरचं मागे घेईल. तोही सुटेल, तुम्हीही सुटाल. नाहीतर तुमच्यावरही केस उभी राहते. या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढता?”

ताईंनी धाकटीकडे पाहिलं. ती छताकडे बघत पडली होती. हे तिच्या कानावर किती गेलं होतं कुणास ठाऊक. ताईंना वाटलं, सांगावं तिला, माझी काळजी करू नकोस. मग वाटलं, काहीच सांगू नये. इतकी वर्षं हिला सगळेच सांगत आले. ताई खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

हवालदार खाटेजवळ गेला. “बाई, काय झालं ते सांगा. घसरलात का?”

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. “काय?”

“घसरलात का म्हटलं!”

“नाही,” धाकटी म्हणाली, आणि ताई दचकल्या. एवढ्या मोठ्याने तिला बोलताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ती मैदानापलीकडच्या माणसाशी बोलावं तशी ओरडून बोलत होती. “नवऱ्याने मारलं! टेबलावर डोकं आपटलं! दात पण त्यानेच पाडले! हात पण!”

“हळू बोला, बाई, सगळे ऐकतायत.”

“काय?”

“काही नाही. बोला.”

“आधी सह्या केल्या त्या खोट्या आहेत! हे लिहा! ताईने त्याला मारलं ते पण लिहा! मला सोडवायला मारलं! अजून मारायला हवं होतं!”

“हे शेवटचं लिहीत नाही मी,” हवालदार म्हणाला.

पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने उशाचा पाण्याचा तांब्या उचलून धाकटीच्या हातात दिला. धाकटीने तो तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायली. दात नव्हते तिथून पाणी ओघळलं. तिने ते पुसलं नाही.

दोन्ही केसेस उभ्या राहिल्या. प्लास्टर निघालं, तरी ताईंची दोन बोटं वाकेनात. त्यांनी डाव्या हाताने माउस धरून पाहिला. जळत्या गावात त्या दारुड्यासारख्या भेलकांडत गेल्या आणि जाड्याने त्यांनाच मारलं. “एवढी वर्षं वाट बघत होता,” डागवाला म्हणाला. ताई हसल्या आणि त्यांनी माउस बाजूला सरकवला.

साहेबांनी आडपडदा ठेवला नाही. “हात बदलला की जुने आकडे गेले, ताई. सगळी कार्डं पहिल्यापासून तपासावी लागणार. नवा हात कुणाचा, ते तुम्हीच सांगा.”

ताईंनी धाकटीला बसवलं. धाकटीची चाल मंद होती. गोळी झाडायच्या आधी ती श्वास रोखायची. पण दहा वेळा गेली तर दहाही वेळा तिथेच, तेवढाच वेळ रोखायची. आणि परीक्षेला तेवढंच लागतं. कपाटातली सगळी जुनी कार्डं पुन्हा एकेक करून टेबलावर आली. ताई शेजारच्या स्टुलावर बसत आणि पाठ दाराकडे होऊ देत नसत.

एका संध्याकाळी निघताना वकीलबाईंचा फोन आला. भावोजींना जामीन मिळाला होता. ते कुबडीवर होते, पण बाहेर होते. साहेब म्हणाले, गाडीने सोडतो. ताईंनी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, “नको. जाऊ चालत. रोज जातोच की.” हल्ली ती मोठ्यानेच बोलायची. तिला हळू बोलायला शिकवायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

रस्त्याला गर्दी होती. ताई सवयीने वाहनांच्या बाजूला झाल्या आणि प्रत्येक उभ्या माणसाच्या तोंडाकडे निरखून पाहत चालू लागल्या. चालता चालता त्या धाकटीला सांगत होत्या, दाराला नवीन कडी बसवून घेऊ, खालच्या कुलपावर माझा भरवसा नाही, आणि उद्यापासून मागच्या दाराने तू एकटी यायचं नाहीस. बरंच बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की धाकटी नुसतीच पुढे बघत चालली आहे.

मग धाकटीच थांबली. “काही म्हणालीस का?”

“नाही. असंच.”

“अगं, त्या बाजूने मला काही कळत नाही. अशी इकडे ये.”

तिने ताईंच्या अधू हाताला लागणार नाही असं कोपराला धरून त्यांना आतल्या बाजूला, भिंतीकडे घेतलं. स्वतः बहिरा कान रहदारीकडे करून रस्त्याच्या अंगाने चालू लागली. एक बस अगदी जवळून, हॉर्न वाजवत गेली. ताई दचकल्या. धाकटीचं पाऊल चुकलं नाही.

“हं,” ती म्हणाली. “आता बोल.”